वृद्धाश्रमातून हलवायलाच हवं असं नाही

आजींचा शेवट जवळ आलाय म्हणून आश्रमवाले त्यांना दवाखान्यात हलवा म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. घाई करू नका ताई. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्यासाठी नव्हे तर त्रास कमी करण्यासाठीची काळजी, त्यांच्या त्याच खाटेवर देता येते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: वेदनेला काय, धाप लागली तर काय, रात्री फोन कुणाला करायचा? मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या, अफूपासून बनणाऱ्या औषधाच्या नावाला बिचकू नका. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालंय. सोबत बद्धकोष्ठतेचं औषध मात्र मागून घ्याच.

माझ्या मावशीच्या वेळी होटगी रोडच्या आश्रमातल्या सेविकेने फार मोलाचं शिकवलं. पोटऱ्यांखाली सोलापुरी चादरीची घडी ठेवायची, म्हणजे टाचा गादीला घासत नाहीत. गिळता येत नसेल तर पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. ओल्या कापसाने ओठ टिपायचे.

आजी शुद्धीत असतील तर व्हेंटिलेटर हवा की नको, हे त्यांनाच विचारा आणि त्यांची इच्छा कागदावर लिहून घ्या. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात, २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने ते सोपं केलंय. कागदाची एक प्रत आश्रमात द्या.