शब्दचर्चा : हौशी मसुदा वर्ग?!

शेवंती
मंडळी, अडलेय. एका क्रीडा-माहितीपटाची सबटायटलं करतेय. विषय अमेरिकन बेसबॉल. न्यूयॉर्क मेट्स या संघाने २०२१च्या ड्राफ्टमध्ये (म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडलेल्या मुलांपैकी किती जण 'साइन' होतील, म्हणजे करारावर सही करतील, यावर दोघे तावातावाने बोलताहेत. 'अमॅच्युअर ड्राफ्ट क्लास'ला मी 'यंदा निवडलेली पोरं' केलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'हौशी मसुदा वर्ग' करून पाठवलं. त्यावर कडी म्हणजे 'प्रॉस्पेक्ट'चं, म्हणजे पुढे चमकेल अशा पोराचं, 'संभावना'. आता माझ्या फाइलमध्ये "वरच्या संभावनेने स्वाक्षरी केली नाही" असं वाक्य आहे. ओळीला चाळीसेक अक्षरं मिळतात. सुचवा.

बोरूबहाद्दर
संभावना भटजींची करतात, नाहीतर 'मूर्ख' म्हणून कुणाची तरी. हे हिंदीतून घुसलंय. सरळ 'होतकरू' लिहा.

शेवंती
'होतकरू' म्हटलं की आधी 'गरीब व' आपोआप उमटतं हो. आणि बातम्यांनुसार या मुलाची बोलणी ६० लाख डॉलरवर गेली होती!

जुना_कारकून
मसुद्याला उगाच हसू नका. मूळ अरबी 'मुसव्वदा', म्हणजे काळा केलेला. आपण कागद काळे करतो तेच. इंग्रजी ड्राफ्टच्या मुळाशी मात्र ओढणं आहे. रेघ ओढा, गाडी ओढा, नाहीतर पोरगा घरातून ओढून सैन्यात न्या. खेळातला ड्राफ्ट त्या सक्तीच्या भरतीचा भाऊ. म्हणून 'भरती'. बँकेतला ड्राफ्ट आम्ही तीस वर्षं 'धनाकर्ष' लिहिला, त्यातही 'आकर्ष' म्हणजे ओढणंच. तेव्हा 'खेळाडूकर्ष'?

बोरूबहाद्दर
काका, धनाकर्ष कुणी तोंडाने म्हणालेला ऐकलाय का कधी? खिडकीवर सगळे 'डीडी'च म्हणायचे.

जुना_कारकून
तोंडी नसेल. फॉर्मवर होता.

हडसनकाठ
न्यू जर्सीतून लिहितोय. 'भरती' चालणार नाही, कारण यात सक्ती आहे ती एकतर्फी. संघाने नाव पुकारलं की त्या मुलाशी करार करायचा हक्क त्या एकाच संघाला. मुलगा मात्र 'नाही' म्हणून कॉलेजात जाऊ शकतो. गेरिट कोलला २००८मध्ये यँकीजने पहिल्या फेरीत घेतलं, हा पठ्ठ्या सही न करता कॉलेजात गेला. २०११मध्ये पायरेट्सने देशात पहिला उचलला. आणि २०१९च्या डिसेंबरात त्याच यँकीजने ३२.४ कोटी डॉलर मोजून आणला.
शेवंतीताईंची 'वरची संभावना' म्हणजे कुमार रॉकर असणार. त्याच्या आईचं कुटुंब भारतातून आलेलं, म्हणून इकडे आपल्या लोकांत त्याचं फार कौतुक. मेट्सने दहाव्या क्रमांकावर घेतला, मग वैद्यकीय तपासणीवरून बिनसलं आणि सहीच झाली नाही. पुढच्या वर्षी रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतला, ५२ लाखांना.

कॅपग्रस्त_पालक
अहो, हे तर इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडसारखं झालं! जागा मिळाली, पण फ्रीझ, म्हणजे पक्की, केली नाही. माझ्या लेकीने दोन राउंड असंच टांगून ठेवलं होतं आम्हाला. मग राउंडला 'फेरी' आणि साइनला 'प्रवेश निश्चित' का नको?

हडसनकाठ
बरंच जवळ. फक्त इथे जागा मुलाला निवडते. आणि पैशाचं गणितही आहे : पहिल्या दहा फेऱ्यांत घेतलेला मुलगा सुटला, तर त्याच्या क्रमांकाला ठरलेली रक्कम संघाच्या या मुलांसाठीच्या एकूण थैलीतून वजा होते, दुसऱ्यावर उधळता येत नाही. म्हणून तर ते दोघे तावातावाने बोलताहेत.

बालाघाट
साइनिंग बोनसला, म्हणजे सही केल्यावर मिळणाऱ्या रकमेला, आमच्या बीडकडचा शब्द घ्या, 'उचल'. मुकादम हंगामाआधी ऊसतोड्यांना देतो ती. पैसे घेतले की माणूस बांधला गेला.

बोरूबहाद्दर
उचल कामातून फेडावी लागते, उरली तर पुढच्या वर्षी डोक्यावर बसते. हा बोनस फेडायचा नाही. 'विसार' म्हणा.

बालाघाट
विसार घरा-जमिनीचा. माणसाला विसार देतात का? नारायणगावच्या राहुट्यांत तमाशाची सुपारी ठरते, हवं तर 'सुपारी' म्हणा.

शेवंती
"मेट्सने कुमार रॉकरची सुपारी दिली." नको.

जुना_कारकून
'हौशी'वर कुणी बोललंच नाही. हवस, हौस, हौशी. राज्य नाट्यस्पर्धेतला हौशी पदरचे पैसे घालतो. हा कोट्यधीश व्हायला निघालेला हौशी कसा? 'अव्यावसायिक' लिहा.

बोरूबहाद्दर
कबड्डीचा महासंघसुद्धा 'हौशी'च होता की. शब्द वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नाही.

जुना_कारकून
मग 'संभावना'ही वापराने ठरली, असंच ना? आणखी पाच वर्षं थांबा.

विटीदांडू
एवढं कशाला? आपण गल्लीत 'भिडू वाटून' घ्यायचो. दोन कॅप्टन, आळीपाळीने एकेक भिडू. तोच ड्राफ्ट. लिलाव वेगळा, हे आयपीएलवाल्यांनाही कळत होतं : २००८मध्ये एकोणीस वर्षांखालच्या पोरांचा लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. कोहली बेंगळुरूकडे तसाच आला. शेवटी उरायचा तो लिंबूटिंबू.

हडसनकाठ
लिंबूटिंबूवरून आठवलं. १९८८मध्ये डॉजर्सने माइक पियाझाला ६२व्या फेरीत घेतलं, तेही व्यवस्थापक लसोर्दा त्याच्या वडिलांचे मित्र म्हणून. तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला! आता वीसच फेऱ्या असतात, आज तो उरलाच असता.

कॅपग्रस्त_पालक
लिंबूटिंबू की 'कच्चं लिंबू'? आमच्या दादरला कच्चं लिंबूच म्हणायचे.

विटीदांडू
कच्चं लिंबू आउट होत नाही. लिंबूटिंबू होतो. फरक आहे.

बालाघाट
काही फरक नाही. आमच्याकडे दोन्ही नव्हते, धाकट्याला सरळ घरी पाठवायचे.

शेवंती
उद्या सकाळी फाइल द्यायचीय. 'ड्राफ्टमधली पोरं' करून टाकू का?

जुना_कारकून
'पोरं' नको, मुली धरून अर्थ होतो. 'पोरगे'.

विटीदांडू
कच्चं लिंबू आउट होत नाही, पण त्याने काढलेले रन धरतात, बरं का.