वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटणं याला डावपेच म्हणायचं?

सुकाणू_सोडू_नका
परवा 'एकटा जीव' यांनी इथे लिहिलं होतं की सी ऑफ थीव्ज् या चाच्यांच्या ऑनलाइन खेळात एकट्याने स्लूप (सगळ्यात छोटं जहाज) घ्यावी, गॅलियन (चौघांचं मोठं जहाज) मागे लागली की तोंड वाऱ्याकडे करावं आणि पाऊण तास पळत राहावं. मागचे आपोआप कंटाळतात. वर शेरा: "यापेक्षा मोठा डावपेच या खेळात नाही. गॅलियन मिरवायला असते, लढायला नाही." दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

पहिली गोष्ट, हे गुपित नाही. समोरून वारा असताना स्लूप सगळ्यात वेगवान, बाजूच्या वाऱ्यात मधल्या आकाराची ब्रिगँटिन, पाठीवर वारा असला की गॅलियन. २०१८ पासून शेंबड्या पोराला माहीत आहे. शाळेतला पाढा म्हणून दाखवून सेनापती होता येत नाही.

दुसरी गोष्ट, गॅलियनच्या एका कुशीला, म्हणजे बाजूला, चार तोफा, स्लूपच्या एका कुशीला एक. चार जणांना हात-पाय आणि तोंड वापरता येत असेल तर एका ब्रॉडसाइडमध्ये, म्हणजे एका कुशीच्या सगळ्या तोफा एकदम डागल्या की, विषय संपतो. त्यासाठी लढाई सुरू व्हायच्या आधी जागा धरावी लागते. शिकार आउटपोस्टकडे (माल विकायच्या बेटाकडे) निघाली असेल तर आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा जिकडून येतो तिकडे, थांबायचं आणि पाठीवर वारा घेऊन अंगावर जायचं. तिला वर यायचं असेल तर आपल्या कुशीसमोरूनच यावं लागतं. खऱ्या आरमारांनी शतकानुशतकं याच जागेसाठी तासन्‌तास घालवले. डावपेच याला म्हणतात.

आता म्हणाल, मग हरता कसे? गेल्या शनिवारी खेळातल्या थीव्ज् हेवन बेटापाशी एक स्लूप आमच्या अगदी टप्प्यात आली होती. मी सुकाणू पूर्ण डावीकडे वळवलं, अँकर टर्न (नांगर टाकून गर्रकन वळणं) बसणार, चारही तोफा भरलेल्या. आणि आमच्यातल्या एका महाभागाने नांगर टाकला तो टाकलाच, वर घ्यायला कोणी नाही. आम्ही पुतळ्यासारखे उभे. स्लूपवाला पिछाडीला येऊन बसला, तिथे आमची एकही तोफ पोचत नाही. वीस मिनिटं बादलीने पाणी उपसलं आणि बुडालो. पण तो दोष माणसांचा. गॅलियनचा नाही.

एकटा_जीव
माझं नाव घेऊन निबंध लिहिलात, आभारी आहे. शेवटच्या परिच्छेदात तुम्हीच बुडालात हे वाचून आणखी आभारी आहे.

मी रात्रपाळी करतो. पहाटे घरी येतो, बायको-मुलगी उठायच्या आत माझ्याकडे फक्त एक तास असतो. त्या वेळी चार मित्र कुठून आणू? सुकाणू मीच, शीड मीच, तोफ मीच, खाली भोक पडलं की फळी ठोकायला मीच आणि बादलीही माझ्याच हातात. समोर चौघं, त्यातले दोघं तोफेत बसून स्वतःलाच माझ्या डेकवर उडवून घेणार. अशा वेळी कुशीला कुशी लावून उभं राहणं हे शौर्य नाही, गाढवपणा आहे.

आणि 'पळणं' म्हणजे काय ते आधी समजून घ्या. गॅलियन माझ्या मागे वाऱ्यात आली की तिच्या आठही तोफा निकामी, कारण त्या कुशीला आहेत. तोफ लावायची तर तिला वळावं लागतं. वळली की अंतर वाढलं. अंतर भरून काढायला पुन्हा सरळ आली की मी मागे तोफेच्या दारूचं पिंप सोडतो. तीन गॅलियनपैकी एक तरी त्यावर चढतेच. पाऊण तास मी पळत नसतो हो, तुम्हाला दमवत असतो.

व्याकरणाचा_पाईक
दोघांनाही विनंती. इथे अनेकांनी पूर्वी 'समुद्री चाचे' असं लिहिलं आहे. चाचे समुद्रावरच असतात. 'समुद्री चाचे' म्हणजे 'पाण्यातला मासा'. बाकी चालू द्या.

तांडेलाचा_नातू
मासा बाजारातही असतो, पाईकराव.

मुद्द्याचं बोलतो. तुम्ही दोघंही ज्यावरून भांडताय ते मुळात होतच नाही. थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जात नाही. स्लूप नाही, मचवा नाही, काही नाही. तिरकं जावं लागतं, मग फिरून दुसऱ्या अंगाने तिरकं, असं नागमोडी. माझा आजा शिडाच्या होडीवर होता, आमच्याकडे इंजिन नंतर आलं. तो सांगायचा, वाऱ्याशी भांडायचं नाही, वाऱ्याची वेळ बघायची. पहाटे जमिनीकडून मतलई सुटते, तिच्यावर बाहेर जायचं. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, तो घेऊन घरी. मी लहान असताना त्याने मला पाठमोरं उभं केलं आणि वारा कुठून आहे ते सांग म्हणाला. मी बोट ओलं करून वर धरलं तर टपली मारली. "कानाला विचार," म्हणाला. दोन्ही कानांत सारखा आवाज आला की वारा थेट समोर किंवा थेट पाठीमागे. खेळात पांढऱ्या रेघा दाखवतात.

दुसरं. तुमचा अख्खा वाद एका तोफेने मिटला असता, नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या. स्लूपच्या नाळेवर हार्पून (दोरीचा भाला) दिला आहे, तोफ नाही. आमच्या आंग्र्यांच्या गुराबेला, त्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजाला, तीच होती. नाळ बुटकी, पुढे निघालेली, आणि तिच्या मागून पुढे रोखलेल्या दोन जड तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. गुराब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाच्या पिछाडीला लागायची आणि पळत्याच्या डोलकाठ्या, शिडं, दोर यांवर मारा करायची. जहाज लंगडं झालं की गलबतं सुटायची. चाळीस-पन्नास वल्ह्यांची, माणसांनी खच्चून भरलेली. वारा पडला तर आणखी बरं, मग इंग्रज जागच्या जागी आणि गलबतं वल्ह्यांवर, गुराबेलाही ओढून नेणार. एकटा जीव, तुमची स्लूप यांच्यापुढे पाच मिनिटं टिकली नसती. आणि सुकाणूवाले, तुमच्या चार तोफांची कुस त्यांनी बघितलीसुद्धा नसती.

सरखेल_१६९८
कळकळीची विनंती, आंग्र्यांचं नाव चाच्यांच्या खेळाच्या धाग्यात आणू नका. इंग्रजांनी त्यांना आयुष्यभर चाचा म्हटलं आणि आपणही हौसेने तिथेच नेऊन बसवतोय. कान्होजी सरखेल होते. राज्याचे आरमारप्रमुख. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्याने त्यांचं दस्तक (परवाना) घ्यावं, नाहीतर माल जप्त, हा सरळ सार्वभौम हक्क. पोर्तुगीज आपले कार्ताझ, म्हणजे असेच परवाने, विकत होते तेव्हा त्यांना कोणी चाचा म्हटलं नाही. इंग्रजांच्या हेन्री मॉर्गनने पनामा लुटलं, त्याला १६७४ मध्ये 'सर' केलं आणि जमैकाचा उपगव्हर्नर नेमलं. तो सर, आणि आमचा तो चाचा!

तांडेलाचा_नातू
अहो, मी कुठे चाचा म्हटलं? तोफेबद्दल बोललो. वाचत चला.

कोरी_पाटी
सरखेल, भावना समजल्या. पण ज्या व्यापाऱ्याने दस्तक घेतलं नाही आणि ज्याचं गलबत मालासकट गेलं, त्याला 'हा सार्वभौम हक्क आहे' हे ऐकून किती बरं वाटलं असेल? पोर्तुगीजांचा कार्ताझ ही खंडणी आणि आपलं दस्तक हा कर, असं एकाच श्वासात कसं म्हणता येतं? दोन्ही एकच. फरक इतकाच, की एक आपला आहे.

सरखेल_१६९८
किनारा कोणाचा होता? पोर्तुगालचा? घरमालकाने भाडं मागणं आणि घुसखोराने मागणं तुम्हाला एकच वाटत असेल तर ही पाटी कोरी नाही, पुसलेली आहे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. चाच्याला मारायला दोन राज्यांची फौज लागते का?

घाटावरचा
आणि पुढे १७५६ ला काय झालं तेही लिहा. विजयदुर्ग. समोर वॉटसन आणि क्लाइव्ह, आणि जमिनीवर इंग्रजांच्या बाजूने कोण? पेशवे. स्वतःचं आरमार स्वतःच जाळलं.

सरखेल_१६९८
विजयदुर्गाचा तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, कोकणात धुमाकूळ घालत होता, हेही लिहा की मग. पण हो. इंग्रजांना बोलावणं ही चूक होती. हे कबूल करायला मला कोणी शिकवायला नको.

तांडेलाचा_नातू
पेशवे नंतर. विजयदुर्गाला जहाजांचं काय झालं ते बघा, धाग्याचा विषय तोच आहे. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकाला एक खेटून उभं होतं. त्यात इंग्रजांकडूनच धरलेलं एक जहाज होतं, रेस्टोरेशन नावाचं. त्यावर तोफेचा गोळा पडला, आग लागली आणि एकावरून दुसऱ्यावर जात अख्खं आरमार खाक. ज्या गुराबांनी वाऱ्यावर आणि वल्ह्यांवर पन्नास वर्षं कंपनीला सळो की पळो केलं, त्या हलता न आल्यामुळे गेल्या. आजा म्हणायचा, उभी होडी म्हणजे सरपण.

सुकाणूवाले, तुमचा शनिवारचा नांगर आठवला म्हणून सांगितलं.

सुकाणू_सोडू_नका
मीठ चोळायला विजयदुर्गापर्यंत जायची गरज नव्हती.

बंदरावरून
मी सध्या नेदरलँड्समध्ये आहे. लेलीस्टाटला बाताव्हिया या डच जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, मूळ जहाज १६२९ मध्ये पहिल्याच सफरीत ऑस्ट्रेलियापाशी फुटलं. मुलाला दाखवायला घेऊन गेलो. तोफांच्या मजल्यावर मी पाच फूट आठ इंचाचा माणूस, डोकं तीनदा आपटलं. तोफेमागे दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. सुकाणूचं चाक नाहीच, एक उभा दांडा आहे, आणि तो धरणाऱ्याला समोरचा समुद्र जेमतेम दिसतो. वरून कोणीतरी ओरडून सांगणार आणि खालचा त्यावर विश्वास ठेवून दांडा ढकलणार. सुकाणूवाल्यांचा मित्र नांगर का विसरला ते मला त्या मजल्यावर कळलं. आवाजच पोचला नसेल.

एकटा_जीव
डिस्कॉर्डवर (खेळताना बोलायचं ॲप) आवाज पोचत नाही म्हणजे नवलच. असो, गुराबेच्या तोफेबद्दल नातूसाहेबांचं बरोबर आहे. नाळेवर तोफ असलेली गॅलियन मागे लागली तर माझा वरच्या वाऱ्याचा डाव संपला. समाधान झालं का सगळ्यांचं? पण ती तोफ खेळात नाही. त्यामुळे मी जे करतो ते बरोबरच आहे, निदान जिथे करतो तिथे.

सुकाणू_सोडू_नका
ठीक आहे. मीही एक देऊन टाकतो. एकट्याने कुशीला कुशी लावावी असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. एकटे असाल तर पळा. फक्त त्याला 'सर्वांत मोठा डावपेच' म्हणू नका. गॅलियनवाल्यांना एक साधा इलाज आहे, मागे धावायचंच नाही. शीड अर्धं करा, वारा बाजूला घ्या आणि तो ज्या आउटपोस्टला माल विकणार तिथे आधी जाऊन थांबा. तो वाऱ्यावर पाऊण तास जाईल तेवढा वेळ तुम्हाला आहे. माल विकायला यावंच लागतं.

एकटा_जीव
आउटपोस्ट एकच आहे का?

सुकाणू_सोडू_नका
वरच्या वाऱ्याला बहुधा एकच असतो.

एकटा_जीव
बहुधा.

कोरी_पाटी
म्हणजे पाऊण दिवसानंतर निष्कर्ष असा, की 'बहुधा'. छान.

नांगर_मीच_टाकला
नमस्कार. मी तो महाभाग. मित्राने लिंक पाठवली म्हणून आज खातं उघडलं. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तू "टाक" म्हणालास, मी टाकला. नंतर तू "घे, घे, घे" ओरडलास. तेव्हा मी नांगरापाशीच होतो, पण तू म्हणालास "घे बादली". मी बादली घेतली. नांगर कोणी घ्यायचा ते तू बोललाच नाहीस. वीस मिनिटं मी पाणी उपसलं, तू सुकाणूवरच होतास. उभ्या जहाजाचं सुकाणू धरून काय करत होतास ते मला आजही कळलेलं नाही.

तांडेलाचा_नातू
😂 आयडी बघा सुकाणूवाल्यांचा.

सुकाणू_सोडू_नका
रेकॉर्डिंग पाठवू नकोस.

एकटा_जीव
पाठवा. आणि शनिवारी गॅलियनवर एक जागा रिकामी असेल तर सांगा, सुट्टी आहे. बादली मी घेतो, सुकाणूला हात लावणार नाही.