दशावताराचे आमचेच व्हिडिओ यूट्यूबवरून परत घेऊन जुन्या टीव्हीवर लावायचे आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कुडाळी_मृदंग:
नमस्कार मंडळी. आमचं हौशी दशावतार मंडळ आहे, मी मृदंगाला असतो. जत्रांतले प्रयोग माझा भाचा हँडीकॅमवर घ्यायचा आणि मंडळाच्या यूट्यूब चॅनलवर चढवायचा. तो आता नोकरीसाठी मस्कतला आहे. मूळ चित्रण ज्या हार्ड डिस्कवर होतं ती बंद पडली आणि दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. त्यामुळे आज आमच्याकडे जे आहे ते फक्त यूट्यूबवर.

आमचे राजपार्टी (राजाची भूमिका करणारे) काका गेल्या वर्षी वारले. काकींना त्यांचे प्रयोग बघायचे आहेत. घरात टीव्ही आहे, पण नेट नाही आणि मोबाइलला रेंजही धड नाही. टीव्ही २०१५च्या सुमाराचा, मागे पेनड्राइव्ह लागतो. लिंक टाकली की व्हिडिओ मिळतो अशा एका साइटवरून एक प्रयोग उतरवला. टीव्हीवर चित्र आलं, आवाज नाही. दुसरा चार तासांचा होता, तो पेनड्राइव्हवर जाईचना, ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं. एक कन्व्हर्टर घातला तर फुकटात थोडाच भाग करून देतो, वर मधोमध स्वतःचं नाव छापतो. राजाच्या मुकुटावर कुणाची जाहिरात मला नको आहे.

पैसे भरून घेण्यासारखं एखादं चांगलं सॉफ्टवेअर आहे का? लॅपटॉप आय-३, आठ जीबी रॅम, विंडोज १०.

संकलक_पुणे:
दादा, पैसे ठेवा खिशात. आणि डाउनलोडर शोधणं आधी थांबवा, कारण चॅनल तुमचं स्वतःचं आहे.

स्वतःचा व्हिडिओ परत घ्यायचे दोन सरळ रस्ते यूट्यूबनेच ठेवलेत. एक, यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओसमोरच्या तीन टिंबांत डाउनलोड आहे. तिथे एमपी४ मिळते, पण जास्तीत जास्त ७२०पी. दुसरा रस्ता गूगल टेकआउट (गूगलकडे ठेवलेला आपला माल एकगठ्ठा परत मागायची सोय), आणि तुम्ही त्यानेच जा. तिथे बाकीच्या सगळ्या खुणा काढून फक्त यूट्यूब आणि त्यातही फक्त व्हिडिओ निवडा. भाच्याने चढवलेली मूळ फाइल, किंवा एच.२६४ची (चित्र दाबून साठवायची एक पद्धत) एमपी४, झिपमध्ये बांधून मिळते. लिंक काही दिवसच चालू असते, म्हणून नेटची आणि डिस्कवर जागेची सोय आधी करून मगच मागणी टाका. मंडळाचं चॅनल ब्रँड अकाउंटवर (अनेकांना मिळून चालवता येणारं खातं) असेल तर टेकआउट उघडताना त्या खात्यात जावं लागतं, आणि ते काम मालक असलेल्या माणसानेच करायचं असतं. म्हणजे बहुधा भाच्यानेच, मस्कतहून.

मूळ फाइलचा एवढा आग्रह का, ते सांगतो. व्हिडिओ पुन्हा एन्कोड केला (नव्याने दाबून साठवला) की दर वेळी थोडा तपशील जातो आणि परत येत नाही. त्यात जत्रेचं चित्रण रात्रीचं. काळोखात कॅमेरा चित्रात वाळूसारखे कण भरतो, आणि चित्र दाबताना आधी त्यांचाच चिखल होतो. यूट्यूबने एकदा दाबलेलं तुम्ही परत दाबलंत तर काकांच्या कपाळावरची रंगरेघ पुसट होणार. शिवाय हँडीकॅम जुना असेल तर चित्रण बहुतेक इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळी दोन खेपांत टिपलेलं, असेल. राजा गिरकी घेतो तेव्हा कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच. मूळ फाइल हातात असेल तर त्या नीट घालवता येतात. यूट्यूबच्या प्रतीत त्या चित्रातच मुरल्या असतील तर मग इलाज अवघड.

आता रूपांतर. हँडब्रेक घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, नाव छापत नाही, वेळेची मर्यादा नाही. अधिकृत साइट handbrake नावाची, शेवटी डॉट एफआर असलेली, तिथूनच घ्या. मिळत्याजुळत्या नावाच्या नकली साइट आहेत. ‘फास्ट ७२०पी३०’ हा प्रीसेट (तयार जुळणी) निवडा, फिल्टरमध्ये डीइंटरलेस (त्या आडव्या रेघा घालवणारं) सुरू ठेवा, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी (आवाज दाबून साठवायची पद्धत), बाहेर एमपी४. २०१५चा टीव्ही एवढं खायला हरकत नाही.

टेस्टर_ताई:
आवाजाचा घोळ मी सांगते. एमपी४ हा नुसता पेटारा. आत चित्र कुठल्या कोडेकचं (दाबून साठवायच्या पद्धतीचं) आणि आवाज कुठल्या, हे वरून कळत नाही, आणि टीव्हीचं अडतं ते आतल्या मालावर. आधी ती फाइल लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा. तिथेही मुकी असेल तर साइटने आवाज दिलेलाच नाही. यूट्यूब मोठ्या आकाराचं चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवतं, ते जोडून घ्यावे लागतात आणि अशा साइट पुष्कळदा फक्त चित्र हातात देतात. व्हीएलसीत आवाज आला तर तो बहुधा ओपस या आवाजाच्या कोडेकमधला असणार, जुन्या टीव्हीला ते सहसा कळत नाही. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाका, ऑडिओच्या खाली सगळं लिहून येतं. चित्र एच.२६४च असेल तर चित्राला हातही लावू नका. अ‍ॅव्हिडेमक्स या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ ‘कॉपी’वर ठेवा, फक्त आवाज एएसी करा. थोड्या वेळात होतं आणि चित्र आहे तसंच राहतं.

पेनड्राइव्हचं कारण एफएटी३२, म्हणजे त्यावर फाइल मांडायची जुनी पद्धत (फॉरमॅट). त्यात एका फाइलला ४ जीबीची हद्द आहे, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी.

कुडाळी_मृदंग:
दोघांचेही मनापासून आभार. भाच्याशी बोललो, मालक तोच आहे, शुक्रवारी त्याला सुट्टी, तेव्हा टेकआउट टाकतो म्हणाला.

दोन गोष्टी राहिल्या. पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करू का? आणि काकांचा शेवटचा प्रयोग आमच्या चॅनलवर नाही. सावंतवाडीच्या एका रसिकाने समोर बसून घेतलाय, त्याच्या चॅनलवर आहे. तो कसा उतरवायचा?

संकलक_पुणे:
फॉरमॅट बदलू नका. मोठ्या फाइल घेणारा एक्सएफएटी फॉरमॅट जुन्या टीव्हीला वाचता येईलच असं नाही. त्यापेक्षा आकार बसवा. चार तास म्हणजे १४,४०० सेकंद. हँडब्रेकमध्ये सरासरी बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) २,००० केबीपीएस ठेवलात तर चित्राचे ३.६ जीबी, १२८च्या आवाजाचे पाव जीबीच्या आतबाहेर. ४ जीबीच्या हद्दीत बसतं. पण रात्रीच्या चित्रणाला २,००० कमीच पडतं, म्हणून मी तरी दोन तुकडे करीन. दशावतारात कापायची जागा आयती आहे: गणपती, सरस्वती, संकासूर हा आड दशावतार (पूर्वरंग) एका फाइलमध्ये, आख्यान (मुख्य कथा) दुसरीत. काकींना राजा बघायचाय, त्यांनी थेट दुसरी लावावी. हँडब्रेकमध्ये कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत ते देता येतं. मग प्रत्येकी ३,५००ने दोन तासही हद्दीत बसतात. मल्टी-पासवर (चित्र एकाहून जास्त वेळा तपासून दाबणं) खूण करा, सगळे प्रयोग रांगेत लावा आणि रात्रभर चालू द्या. आय-३ला वेळ लागेल.

टेस्टर_ताई:
सावंतवाडीच्या रसिकाला फोन करा. दुसऱ्याच्या चॅनलवरून परस्पर उतरवणं यूट्यूबच्या अटींत बसत नाही, आणि चित्रणावर हक्क त्यांचा. तुमच्या नटांचेही सादरकर्ते म्हणून हक्क आहेत, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ त्यासाठीच आहे. त्यामुळे तुम्ही मागायला गेलात तर परक्यासारखे जात नाही. आणि खरं कारण वेगळंच: त्यांच्या मोबाइलमध्ये किंवा मेमरी कार्डात मूळ फाइल अजून असेल, ती कुठल्याही डाउनलोडने मिळणाऱ्या प्रतीपेक्षा सरस.

त्यांच्याकडे मूळ नसेल पण त्यांनी परवानगी दिली, तर त्यांनाच स्टुडिओतून काढून द्यायला सांगा. वायटी-डीएलपी या डाउनलोडरचं नाव कुणीतरी सुचवेलच. ते २०२१पासूनचं मुक्त स्रोत साधन आहे, जुन्या यूट्यूब-डीएलमधून निघालेलं, आणि आहे उत्तम. पण त्याला बटणं नाहीत, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, चित्र-आवाजाच्या जोडणीसाठी एफएफएमपेग हे आणखी एक साधन वेगळं लागतं, आणि यूट्यूबने काही बदललं की ते अद्ययावत करेपर्यंत अडतं. तुमच्या कामाला त्याची गरज पडू नये.

कुडाळी_मृदंग:
फोन लावला. मेमरी कार्ड जपून ठेवलंय म्हणाले, रविवारी घेऊन जा. लॅपटॉप घेऊनच जातो, कार्ड त्यांच्याकडेच राहू दे. कार्डावरच्या फाइलला एमटीएस असं शेपूट आहे म्हणाले, ते हँडब्रेक घेईल का?

संकलक_पुणे:
घेईल. त्या हँडीकॅमच्या फाइल, आत एच.२६४च असतं. एकच सांभाळा: लांब चित्रण कार्डावर अनेक तुकड्यांत असतं. एकेक फाइल न उचलता कार्डावरचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, दोन डिस्कवर. जोडणी मी सांगतो, फाइलची यादी इथे टाका.