मदत हवी आहे: नडगीच्या हाडात रॉड घालावा की अजून थांबावं? (नागपूर)

नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची, तिहेरी उडी मारते. सराव मानकापूरच्या ट्रॅकवर. दिवाळीपासून तिची डावी नडगी दुखत होती. शिन स्प्लिंट (सरावाच्या ताणानं नडगी दुखणं) असेल म्हणून आम्ही बर्फ लावत राहिलो, याचं आज फार वाईट वाटतं. फेब्रुवारीत एक्स-रे काढला तर हाडाच्या मधोमध, पुढच्या बाजूला आडवी काळी रेघ. एमआरआयमध्येही स्ट्रेस फ्रॅक्चरच, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून हाडाला गेलेली बारीक भेग, निघाला. साडेचार महिने उडी बंद आहे, तरी रेघ तशीच.

फ्रॅक्चर मागच्या-आतल्या बाजूला असता तर दोनेक महिन्यांच्या विश्रांतीनं सहसा भरला असता. पण पुढची बाजू प्रत्येक उडीला ताणली जाते आणि तिथं रक्तपुरवठाही कमी, म्हणून हाड जुळत नाही. तशीच खेळली तर हाड पूर्ण मोडू शकतं. एक डॉक्टर म्हणतात अजून तीन महिने थांबा, दुसरे म्हणतात आता रॉड घालू.

माझा जीव अडकलाय तो गुडघ्यात. रॉड वाटीच्या खालून आत घालतात आणि नंतर बऱ्याच जणांचा गुडघा पुढून दुखतो. पुढून प्लेट लावली तर गुडघ्याला हात लागत नाही, पण नडगीवर मांस नसतं, प्लेट टोचते आणि कधी काढावी लागते. उडी मारणाऱ्या कुणी यातलं काही करून घेतलंय का? पुन्हा पूर्ण जोर लावून टेक-ऑफ घ्यायला किती महिने लागले?

प्रतिसाद १
दादा, मी ८०० मीटर धावायची. मला रॉड घातला. पायावर भार लवकर टाकता आला, पण ट्रॅकवर उतरायला सहा महिने गेले. मांडी घालून बसता येतं, गुडघे टेकले की अजून दुखतं. ऑपरेशन ठरवण्याआधी एक बघाच: ड जीवनसत्त्व तपासलं का? जेवण सरावाला पुरेल इतकं आहे का? आणि पाळी नियमित येते का? खाणं कमी पडलं की पाळी थांबते, हाडंही कमजोर होतात. ते तसंच राहिलं तर रॉड घालूनही दुसरीकडे फ्रॅक्चर होऊ शकतो. मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

धागाकर्ता
ताई, तुमचं वाचून तिच्या आईनं रात्री विचारलं. सात महिने पाळी आलेली नाही. आम्ही घाबरू म्हणून बोलली नव्हती. उद्या सकाळी रक्त तपासायला नेतोय, स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जाऊ. रिपोर्ट आले की इथेच लिहितो.