शब्दचर्चा : ‘गुंतागुंत’ आणि ‘परिसराचा गोंगाट’

प्रश्न (दिग्रस, जि. यवतमाळ) : बारावीसाठी पुंजभौतिकीवर (क्वांटम फिजिक्स) मराठीत टिपण करीत आहे. ‘एन्टँगलमेंट’ला ‘गुंतागुंत’ आणि ती मोडणाऱ्या ‘एन्व्हायर्न्मेंटल नॉइज’ला ‘परिसराचा गोंगाट’ लिहिले, तर एका मुलाने विचारले, “सर, पोळ्याचा डीजे बंद केला की गुंतागुंत टिकते का?” शब्द बदलावेत का?

उत्तर (दर्यापूर, जि. अमरावती) : दोन्ही बदलावेत, सर. गुंतागुंत म्हणजे आपल्याकडे किचकटपणा, सातबाऱ्यावरच्या वारसांची असते तशी. दोन कणांची गुंतलेली अवस्था मात्र अगदी साधी असू शकते. विलक्षण एवढेच की जोडीची अवस्था पूर्ण ठाऊक असूनही एकेकट्या कणाची तशी सांगता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये यासाठी योजलेल्या जर्मन शब्दाचे क्रियापद हाताची घडी घालण्यासाठीही वापरतात. मी ‘गुंफण’ लिहिते.

‘गोंगाट’ अधिक फसवा आहे. आवाजाच्या कंपनांनी प्रयोगातले आरसे हलतात, त्यामुळे डीजेचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. परंतु व्हिएन्नातील २००३ च्या प्रयोगात ७० कार्बन अणूंच्या रेणूंचे व्यतिकरण (तरंग एकमेकांत मिसळून उमटणारे पट्टे) दिसत असताना निर्वात पेटीत थोडा थोडा वायू सोडला, तसतसे पट्टे पुसट होत गेले. तेथे आवाज कसला? धडकणाऱ्या वायुरेणूने मोठा रेणू कोणत्या वाटेने गेला याची खूण सोबत नेली, म्हणजे वायुरेणू स्वतःच मोठ्या रेणूशी गुंफला गेला. गुंफण मोडत नाही, परिसरात पसरते, आणि आपल्या हाती उरलेल्या भागात ती दिसेनाशी होते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डीटर त्से यांनी १९७० मध्ये या विचाराची पायाभरणी केली.

पुरवणी (मूर्तिजापूर, जि. अकोला) : मॅडमचे म्हणणे मान्य, पण सरसकट नव्हे. चुंबकीय क्षेत्र आपोआप कमीजास्त होत राहिले, तर दर खेपेस कणाच्या तरंगाची कला (फेज) निराळी सरकते आणि सरासरीत पट्टे पुसले जातात. परिसराने खूण नेलेली असावीच लागत नाही. बदल संथ असल्यास भौतिकशास्त्रज्ञ हान यांच्या १९५० च्या प्रतिध्वनी-तंत्राने कला पुन्हा जुळवता येते, तर विखुरलेल्या वायुरेणूंकडून खूण परत मिळवणे व्यवहारात अशक्य असते. म्हणून क्षेत्राच्या चढउताराला रेडिओवरचा ‘खरखर’ हा शब्द चालेल, खूण नेणाऱ्या प्रकाराला ‘सुसंगतिभंग’ (डीकोहेरन्स). हा दुसरा उच्चारायला जड आहे, तरी ‘सुसंगत स्रोत’ (कोहेरंट सोर्स) ही कल्पना मुलांच्या पुस्तकात असल्याने तो परका वाटणार नाही.