‘नन’ला ‘आर’ लावलं म्हणून अर्धा मार्क?

चाटीगल्लीकर: सकाळी एका क्लासवाल्या सरांनी टाकलंय, “‘नन ऑफ द बॉइज आर प्रेझेंट’ साफ चूक. नन म्हणजे नॉट वन, म्हणून कायम ‘इज’.” खाली सगळे हात जोडून मोकळे. सर, जुन्या इंग्रजीत ‘ने’ (नाही) अधिक ‘आन’ (एक) असा तो शब्द झाला, मान्य. पण तेव्हापासूनच त्याला अनेकवचनी क्रियापदही लागत आलंय. ऑक्सफर्ड, वेबस्टर, दोघांनाही दोन्ही चालतं. माझ्या पोरीचा अर्धा मार्क यापायी गेला, म्हणून इतकं लिहिलं.

सर_सातरस्ता: मीच तो क्लासवाला. मार्क मी कापला नाही, माझ्या अंगावर ढकलू नका. पोरांना मी बिनधोक वाट सांगतो. आणि ‘नन ऑफ द मिल्क आर’ म्हणणार का तुम्ही?

चाटीगल्लीकर: दूध मोजता येत नाही, तिथं ‘इज’ला कोण नको म्हणतंय? ‘नो स्टुडंट हॅज’ही बरोबर, ‘नो स्टुडंट्स हॅव’ही. आपल्या सोलापुरात पारा कधी शून्यावर जायचा नाही, पण इंग्रज शून्यालाही अनेकवचन लावून ‘झीरो डिग्रीज’च म्हणतो.

होटगीरोड: इंग्रजी राहू द्या ओ, आधी मराठीतलं ‘पैसे नाही’ बंद करा. आमच्या किराणावाल्यानं पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलंय, ‘सुट्टे पैसे नाही’. कुणीतरी पुढं बॉलपेननं बारीक ‘त’ जोडला. दुसऱ्या दिवशी मालकानं त्या ‘त’वर पांढरी पट्टी चिकटवली!

बाळीवेस_बॉय: कन्नडचा गुण लागला बे. त्यांच्यात एक असो की दहा, ‘इल्ला’च.

अक्कलकोटकर: ढकला सगळं आमच्यावर! ‘पैसे नाही’ मी मुंबईतही ऐकलंय. तिथं कुठला कन्नड शेजार?

बाळीवेस_बॉय: एवढं कशाला चिडालाव?

अक्कलकोटकर: शाळेत ‘कानडी’ म्हणून चिडवून घेतलं असतंस म्हणजे कळलं असतं.

पूर्वभाग: भांडू नका. आमच्या तेलुगूत एक वस्तू नसली तर ‘लेदु’, बऱ्याच नसल्या तर ‘लेवु’, माणसं नसली तर ‘लेरु’. आजी विड्या वळायची. पानं संपली की घरात ‘आकुलु लेवु’, अगदी चोख. आणि तीच आजी शेजारणीला मराठीत सांगायची, ‘पानं नाही’. आता कुणाचा गुण लागला म्हणायचं?

सर_सातरस्ता: विषय नन होता. इथं विड्या वळायला बसलेत सगळे.

चाटीगल्लीकर: बरं, विषयावर येतो. तुमच्या क्लासच्या दारावर कागद आहे, ‘नायदर द फीज नॉर द डेट हॅव चेंज्ड’. क्रियापद जवळच्या नामाप्रमाणं चालतं ना? ‘डेट’पुढं ‘हॅव’ कसं?

सर_सातरस्ता: टाइप करणाऱ्यानं केलंय ते.

चाटीगल्लीकर: त्याचा अर्धा मार्क कापला का?

सर_सातरस्ता: उद्या बदलतो. आणि हो, कोशात ‘नन आर’ आहे, बघितलं आत्ता. झालं समाधान? परीक्षेत मात्र माझी पोरं ‘इज’च लिहिणार. तपासणारा कोश उघडून बसत नसतो.

चाटीगल्लीकर: हे मात्र पटलं. अर्धा मार्क देऊन पटलं.

होटगीरोड: ताजी खबर. किराणावाल्यानं पुठ्ठाच बदलला : ‘सुट्टे पैसे मागू नयेत’.

बाळीवेस_बॉय: ‘नयेत’! मालक क्लासला जायलाय वाटतं.