प्रति: तंत्रज्ञांचे प्रयोग की दिग्दर्शकाची कला?

‘टॉय स्टोरी’च्या (१९९५) आधी संगणकावरील ॲनिमेशनमध्ये जे झाले ते केवळ तंत्रज्ञांचे प्रयोग होते, हे या चर्चेत केले गेलेले विधान पूर्णपणे मान्य करता येत नाही. तो पूर्णपणे संगणकावर ॲनिमेशन केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होता, यात वाद नाही; परंतु चर्चेत पीटर फोल्डेस यांचे नाव अजून आलेले नाही. बुडापेस्टमध्ये जन्मलेले फोल्डेस मुळात चित्रकार होते आणि १९५६ मध्ये पत्नी जोन यांच्यासह त्यांनी अणुयुद्धावरील ‘अ शॉर्ट व्हिजन’ हा लघुपट हाताने रंगवून केला होता. पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी त्यांनी ‘ला फँ’ (‘भूक’, १९७४) हा लघुपट संगणकावर केला, तेव्हा नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन या तंत्रज्ञांनी विकसित केलेल्या प्रणालीत चित्रकाराने फक्त मुख्य चित्रे काढायची आणि मधली चित्रे संगणकाने गणित करून भरायची, अशी सोय होती.

माझ्या मते फोल्डेस यांचे वेगळेपण इथे दिसते. मधली चित्रे काढण्याचे कष्ट वाचवणे एवढ्यावर न थांबता त्यांनी एका आकृतीतून दुसरी आकृती वितळत निघण्यालाच कथेचे माध्यम केले, त्यामुळे खात सुटलेला माणूस फुगत जातो आणि अखेर भुकेल्यांचे भक्ष्य होतो, हे सारे रेषाच सांगतात. या लघुपटाला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक आणि नंतर ऑस्करचे नामांकन मिळाले. फोल्डेस १९७७ मध्ये वारले. बर्टनिक आणि वाइन यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला तो मात्र थेट १९९७ मध्ये.